शायीच्या रानात तीन आठवडे

सरवा हा शब्द आता माझ्या क्लासमधल्या पोरींना माहितीच नाही. ज्वारी काढून झाली, कणसं खळ्यावर गेली, की रानात जी चुकार कणसं पडलेली राहतात ती वेचायची, त्याला सरवा वेचणं म्हणतात. ज्यांना स्वतःचं रान नाही अशा बाया लेकरं घेऊन जायच्या. माझी माय जायची, जिंतूर तालुक्यातल्या आमच्या गावात, आणि मी सहा-सात वर्षांची, तिच्या मागं मागं. शेतमालक कधी हाकलायचा, कधी बघून न बघितल्यासारखं करायचा. त्या दिवसांतलं मायचं तोंड मला आठवत नाही, पाठ आठवते, कारण दिवसभर तीच समोर असायची.

मग तेव्हाच्या औरंगाबादला आर्टच्या कॉलेजात होते तेव्हा लायब्ररीतल्या एका जाडजूड पुस्तकात एक चित्र दिसलं. तीन बाया रानात वाकलेल्या. खालचं इंग्रजी नाव मला कळेना म्हणून सरांना विचारलं तर ते म्हणले धान्य वेचणाऱ्या स्त्रिया. मी म्हणलं सर, ह्या सरवा वेचायल्यात. १८५७ सालचं चित्र, चित्रकार मिले, राहायचा फ्रान्सातल्या बार्बिझाँ नावाच्या खेड्यात. त्याच दिवशी जायचं ठरवलं असं काही नाही, माझ्याकडं तेव्हा परभणीला यायला एसटीचे पैसे मोजून असायचे. पण ते रान कुठंय, अजून आहे का, तिथली माती कशी दिसते, हे डोक्यात राहिलं ते पंचवीस वर्षं राहिलं.

गेल्या वर्षी जाऊन आले. जूनचा शेवटचा आठवडा ते १९ जुलै. लँडस्केप करायला, तिथंच उभं राहून, ऑइलमधी.

पैशाचं आधी सांगते कारण भेटेल तो तेच विचारतो. तीन वर्षं भिशी लावली होती, थोडी चित्रं विकली, क्लासचे जमवले. व्हिसाला ९० युरो फी आणि किमान ३०,००० युरोचं कव्हर असलेला ट्रॅव्हल इन्शुरन्स लागतो, शिवाय बँकेचं स्टेटमेंट, रिटर्न, राहायचं बुकिंग, सगळं. ज्या एजंटकडं फॉर्म भरला तो म्हणला मॅडम व्यवसायात गृहिणी लिहू, चित्रकार लिहिलं की शंभर प्रश्न विचारतात. मी म्हणलं विचारू द्या. चित्रकारच लिहिलं, सोबत कुठल्या दिवशी कुठं बसून काय रंगवणार त्याचं एक पान जोडलं, आणि मुंबईला काउंटरवर कुणी एकही प्रश्न विचारला नाही. ज्या बाया चित्रं काढतात त्यांनी फॉर्मवर चित्रकार लिहावं, माझं स्पष्ट मत आहे.

सामानाची तयारी मात्र दोन महिने चालली. आमच्या गल्लीतल्या सुतारमामांकडून प्लायवूडच्या दोन पेट्या करून घेतल्या, आतून दोन्ही बाजूंना खाचा, एकेका खाचेत एक पॅनल, म्हणजे चित्र काढायची पातळ फळी, उभं सरकवायचं म्हणजे ओले रंग एकमेकांना चिकटत नाहीत. मामांनी दोनदा खाचा परत पाडल्या कारण एमडीएफची पॅनलं हलत होती, पेपर घडी करून मधी घातला, हलवून बघितलं, मग म्हणले आता विमान उलटं झालं तरी काही होत नाही बघ बाई. नऊ बाय बारा इंचांची तीस पॅनलं, गेसोचे, म्हणजे रंगाखाली द्यायच्या पांढऱ्या थराचे, दोन हात दिलेली, वजन पाच किलोच्या आसपास. टर्पेंटाईन विमानात चालतच नाही, पेट घेणारी वस्तू आहे, त्यामुळं ते तिकडं गेल्यावरच घ्यायचं. रंगाच्या ट्यूबा चेक-इनच्या बॅगेत टाकायच्या आणि कंपनीच्या साइटवरून सेफ्टी डेटा शीट, म्हणजे रंगात काय आहे, धोका आहे का ते सांगणारा कागद, प्रिंट करून त्यांच्यावरच ठेवायची. पॅलेट नाइफ पण चेक-इनमधीच. एवढं सगळं पाठ करून गेले आणि जवसाच्या तेलाची दोनशे मिलीची बाटली हातातल्या पर्समधी राहिली, मुंबईला सिक्युरिटीवर काढून घेतली. ऑइल पेंटिंगचं लिन्सीड म्हणजे आपलं जवसच. ज्याची चटणी भाकरीवर घेऊन मोठी झाले ते तेल मग पॅरिसात विकत घ्यावं लागलं, नदीकाठी सेनेलिए म्हणून रंगांचं दुकान आहे १८८७ पासूनचं, तिथून. बिनवासाचं थिनर पण तिथंच घेतलं.

पॅरिसच्या गार द ल्याँ स्टेशनवरून लोकल धरली की चाळीस-एक मिनिटात फाँतेनब्लो. बार्बिझाँला रेल्वे नाही. मी बार्बिझाँत न राहता शेजारच्या शायी गावात एका म्हाताऱ्या बाईच्या घरी खोली घेतली होती, स्वस्त पडली म्हणून, आणि खरं कारण म्हणजे ते रान शायीचं. बार्बिझाँ जंगलाच्या कडेला आहे आणि त्याच्यापुढं शायीकडं पसरलेलं सपाट रान, तेच ते. दोन्ही गावांत पायी अर्ध्या तासाचं अंतर.

पहिल्या दिवशी संध्याकाळी सामान टाकलं आणि तशीच निघाले. गाव संपलं आणि समोर गहू. पिवळा पडत आलेला, एकच्या एक, नजर जाईल तिथपर्यंत. मला जे पहिल्यांदा जाणवलं ते गव्हाचं नाही, बांधाचं. बांधच नाहीत! एका पिकाला लागून दुसरं पीक, मधी काही नाही. आपल्याकडं रान म्हणलं की बांध आला, बांधावर बाभळ, लिंब, बोराटी, कुठं तुराट्यांची गंजी, कुठं आखाड्याचं पत्र्याचं छप्पर. चित्र काढताना ह्याच उभ्या गोष्टी धरून मी आजपर्यंत कंपोझिशन करत आले, हे मला तिथं कळलं. तिथं नुसत्या आडव्या रेघा, आभाळाची एक, झाडांच्या पट्ट्याची एक, गव्हाची एक. कुठं धरावं? दूर शायीच्या चर्चचं टोक तेवढं वर आलेलं. मिलेच्याच दुसऱ्या चित्रात, संध्याकाळच्या घंटेला मान खाली घालून उभे असलेले नवरा-बायको आहेत ना, त्यात क्षितिजावर जे चर्च दिसतं ते ह्याच गावाचं मानतात.

पुढचे चार दिवस वाईट गेले. हिरवा जमेना. परभणी-जिंतूरकडं मी ज्या पॅलेटवर काम करते त्यात यलो ऑकर, बर्न्ट सिएना, रॉ अंबर हे मातीचे पिवळे-तपकिरी रंग, काळ्या रानासाठी अल्ट्रामरीन निळा आणि बर्न्ट अंबर. हिरवा लागतो तो पावसाळ्यात, आणि तेव्हा बाहेर बसायला कुठं मिळतंय. मार्च-एप्रिलमधल्या लिंबाच्या पालवीपुरता हिरवा मला येत होता. इथं एका झाडातच चार हिरवे, गवताचा वेगळा, बटाट्याच्या पानांचा वेगळा, बीटच्या पानांचा निळसर, आणि लांबच्या जंगलाचा तर हिरवा म्हणावा का निळा हेच कळेना. मी लावलेला प्रत्येक हिरवा पत्र्याच्या डब्यावरच्या रंगासारखा दिसायचा. तीन पॅनलं नाइफनं खरवडून काढली, तिसऱ्याच्या वेळी डोळ्यात पाणी आलं, एवढा खर्च करून आले आणि हे.

जमलं ते असं. एक म्हणजे ट्यूबमधला तयार हिरवा बाजूला ठेवला आणि लेमन यलो, अल्ट्रामरीन यातून मिसळायचा, प्रत्येक मिश्रणात चिमूटभर अलिझरिन क्रिमसन, लालानं हिरव्याचा भडकपणा मरतो. दुसरं, पॅनलला आधीच पातळ बर्न्ट सिएनाचा हात मारून ठेवायचा, घरी मी हे करायचेच पण मातीसाठी करायचे, इथं त्या तांबूस जमिनीवर हिरवा बसला की मधी मधी जो तांबडा डोकावतो त्यानं झाड जिवंत दिसायला लागतं. तिसरं लांबच्या गोष्टींचं. आपल्याकडं उन्हाळ्यात लांबचं सगळं धुळीनं पिवळट पांढरं होतं, जिंतूरच्या डोंगराची रांग एप्रिलमधी मी कायम ऑकर-पांढऱ्यात काढते आणि ते बरोबर असतं. तिथं हवेत ओल, त्यामुळं लांब जाईल तसं निळं होत जातं, पुस्तकात लिहिलंय तसं अगदी. पुस्तक चूक आहे असं मला इतकी वर्षं वाटायचं! ते त्या हवेसाठी बरोबर होतं, एवढंच.

आणि सावली. आपल्याकडं मेच्या मध्यात भर दुपारी काठी रोवली तर सावली काठीच्या बुडात जाते. बाराला चित्र काढायची सोयच नाही, वस्तू चपट्या होतात आणि जी काय सावली असते ती पण जमिनीच्या उजेडानं तापून तांबूस झालेली. तिथं जूनच्या शेवटी सुद्धा सूर्य ६५ अंशाच्या वर जात नाही, दुपारी पण प्रत्येक पेंढीला, प्रत्येक दगडाला सावली आहे आणि ती निळी-जांभळी आहे. संध्याकाळ तर काय सांगू. परभणीला जुलैत सातला सूर्य मावळतो आणि अर्ध्या तासात अंधार, ते तिरकं सोनेरी ऊन धरायचं तर पाऊण तासात सगळा खेळ. मी त्यामुळं फार घाईनं ब्रश मारते, हाताला तीच सवय. तिथं साडेसातला ते ऊन सुरू झालं आणि मी नेहमीसारखी घाई करून साडेआठला पॅनल संपवलं, वर बघते तर ऊन तिथंच. सूर्य मावळायला दहा वाजत आले. दुसऱ्या दिवसापासून मी संध्याकाळी दोन पॅनलं करायला लागले आणि दुसऱ्यात हात हळू चालायला लागला, गव्हाच्या कडेला कुठं ऑकर संपतो आणि कुठं गुलाबी सुरू होतो हे बघायला वेळ मिळायला लागला. तीन आठवड्यांत मी सगळ्यात मोठं काय शिकले असेल तर ते हे हळू होणं.

बघायला येणाऱ्यांचं पण सांगायला पाहिजे. आपल्याकडं ईझल उभं केलं की दहा मिनिटात दहा माणसं. काय काढायलात मॅडम, कशाला काढायलात, रस्ता होणार आहे का हितं, आमचा फोटो काढा की. एक आजोबा तर गंगाखेडला घाटावर माझ्या पॅनलवर छत्री धरून तासभर उभे होते. तिथं लोक बोंझूर म्हणतात आणि पुढं जातात. पहिले दोन दिवस बरं वाटलं, आठव्या दिवशी करमेना. मग एका सकाळी ट्रॅक्टर थांबला, साठीचे शेतकरी उतरले, माझ्यामागं उभे राहिले, बराच वेळ. मी पिकात पाय न टाकता कडेच्या गवतावर बसले होते ते त्यांनी बघितलं असावं. फोनमधल्या भाषांतरावरून बोलणं झालं, गहू कधी काढणार विचारलं, तर त्यांनी एक ओंबी तोडली, तळहातावर चोळली, फुंकर मारली, दाणा दाताखाली धरला आणि आठ बोटं दाखवली. आठ दिवस. ओंबी चोळून दाणा चावायचा हा प्रकार बघून मला इतकं गहिवरून आलं की मी फोन खालीच ठेवला. माझे मामा अगदी असंच करतात.

पावसाचे दोन दिवस बार्बिझाँत काढले. सगळं गाव म्हणजे एक लांब रस्ता. मिले इथं १८४९ ला आला आणि १८७५ ला जाईपर्यंत इथंच राहिला, त्याची कामाची खोली आहे, आणि गानची खानावळ आहे, जिथं सगळे चित्रकार उतरायचे. आता तिचं म्युझियम केलंय. त्या पोरांनी खानावळीच्या भिंतींवर, कपाटांच्या दारांवर चित्रं काढून ठेवलीयत. ट्यूबा यायच्या आधी रंग डुकराच्या मूत्राशयाच्या पिशवीत भरून न्यावे लागायचे, पत्र्याच्या पिळायच्या ट्यूबचं पेटंट १८४१ चं, आणि त्या ट्यूबा आल्या म्हणून ऑइलचं अख्खं दुकान पाठीवर मारून रानात जाणं सोपं झालं. मी माझ्या पेटीकडं बघितलं, सुतारमामांच्या खाचांकडं, आणि म्हणलं हे पण त्याच कामाचं पुढचं काम आहे.

जंगलाचं एक मनाला फार लागलं. रूसो नावाचा चित्रकार, मिलेचा दोस्त, त्यानं १८५२ ला सरकारकडं अर्ज केला की जुनी झाडं तोडू नका, आम्हाला ती रंगवायला पाहिजेत. १८६१ ला खरंच १०९७ हेक्टर जंगल राखून ठेवलं, चित्रकारांसाठी म्हणून. दोघांचे चेहरे ब्राँझमधी करून जंगलाच्या तोंडाशी एका मोठ्या दगडात बसवलेत. मी तिथं उभी होते आणि डोळ्यापुढं आमच्याकडच्या हमरस्त्याचे वड येत होते, जे मी कॉलेजात असल्यापासून रंगवत आले आणि रस्ता रुंद करताना तीन दिवसांत गेले. आम्ही कुणी अर्ज केला नाही. मी पण केला नाही. माझ्याकडं त्यांची अकरा चित्रं आहेत.

जंगलात आप्रमाँच्या घळीत तीन सकाळी काम केलं, राखाडी वाळूखडकाचे गोल गोल दगड, हत्ती बसल्यासारखे. आपल्या काळ्या पाषाणाला धार असते, त्या दगडाला धारच नाही, ब्रश फिरवूनच काढावा लागतो. गोचीड असतात तिथं गवतात, मोजे पँटवर ओढून बसायचं. एक दिवस मोरे गावाला, नदी, पूल, चर्च, सिस्ले नावाचा चित्रकार शेवटपर्यंत तिथं राहिला. सुंदर आहे, पण माझं मन तिथं लागलं नाही, पाणी रंगवायला मी गेलेच नव्हते.

मग आठव्या नाही, नवव्या दिवशी हार्वेस्टर आलं. मी सकाळी सहापासून होते. एवढं मोठं रान, माणूस एक, मशीनमधी काचेच्या मागं. धुरळा उडायला लागला आणि पहिल्यांदाच तिथल्या हवेला आपल्या हवेचा रंग आला, लांबची झाडं निळी होती ती पिवळी झाली. मी घाईनं दोन पॅनलं केली, जुनी सवय कामाला आली. दुपारपर्यंत रान मोकळं. संध्याकाळी गेले तर धसकटं आणि पसरलेलं काड. वाकून बघितलं, ओंब्या पडलेल्या होत्या, फार नाही, पण होत्या. वेचणारं कुणी नाही. मी चार-पाच उचलल्या, मुठीत धरल्या आणि तिथंच बसले.

त्या संध्याकाळी मला ठरवायचं होतं की चित्रात बाया घालायच्या का नाही. आठवणीतून घालता आल्या असत्या, मायची पाठ तर मला डोळे मिटून काढता येते. पण मी समोर जे नाही ते रानात बसून काढत नाही, असा माझा नियम आहे, आणि त्या रानात कुणी नव्हतं. मोकळंच काढलं. धसकटांच्या ओळी, चर्चचं टोक, गुलाबी होत चाललेलं ऊन. त्या ट्रिपमधलं सगळ्यात चांगलं पॅनल तेच आहे, आणि त्याच्याकडं बघून मला अजून चैन पडत नाही.

शेवटच्या गुरुवारी पॅरिसात ओर्से म्युझियमला गेले, गुरुवारी ते रात्री पावणेदहापर्यंत उघडं असतं. सरवा वेचणाऱ्या बायांचं मूळ चित्र ११२ बाय ८४ सेंटिमीटरच्या आसपास आहे. पुस्तकात मला ते भिंतीएवढं वाटायचं. जवळ गेले आणि आधी जे बघितलं ते क्षितिज, कारण तीन आठवडे त्याच क्षितिजाशी माझी झटापट चालली होती. मिलेनं ते फार वर घेतलंय, आणि वाकलेल्या दोन बाया त्या रेघेच्या पूर्ण खाली आहेत. आभाळात त्यांचं काहीच जात नाही. मागं लांब उजेडात मोठमोठ्या गंज्या, गाडी, घोड्यावरचा मुकादम, सगळी भरभराट तिकडं, आणि ह्या इकडं सावलीत. बांध नसलेल्या त्या सपाट रानात कुठं धरायचं ते त्यानं असं सोडवलंय, बायांनाच बांध केलंय.

व्हिडिओ कॉल लावला. परभणीत रात्रीचे दहा वाजून गेलेले, माय जागीच होती. फोन चित्राकडं धरला. ती बराच वेळ बोलली नाही, मग म्हणली जवळ ने. नेला. म्हणली, "डाव्या बाजूची हाय बघ, तिनं वेचलेल्या ओंब्या पाठीमागं मुठीत धरल्यात. दर बारीला वटीत टाकायला उठलं की कंबर जाती, मूठ भरली की मगच टाकायचं." मी पंचवीस वर्षं ते चित्र बघत होते, तो पाठीवरचा हात मला दुखणारी कंबर धरलेला हात वाटायचा. मग म्हणली, "मधलीची वटी भरत आल्याली दिसती. मालक बरा असल त्यांचा." आणि जेवलीस का विचारून फोन ठेवला.

शेवटच्या चार दिवसांची पॅनलं ओलीच होती, तिथं ऑइल आठ-आठ दिवस वाळत नाही, अंबर लावलेलं लवकर वाळतं पण कॅडमियम आणि अलिझरिन बसतं तसंच. पेट्या कपड्यात गुंडाळून चेक-इनला टाकल्या, जीव मुठीत धरून देवगिरीनं परभणीला आले, घरी येऊन उघडल्या तर सत्तावीस पॅनलांतलं एकही हललं नव्हतं. सुतारमामांना पहिलं पॅनल दाखवायला नेलं, त्यांनी चित्राच्या आधी खाचा बघितल्या.

ज्वारी निघाल्यावर गावी गेले होते, फेब्रुवारीत. मायला म्हणलं थोडा वेळ वाकून उभी राहतेस का, मी काढते. पंच्याहत्तरीची आहे, गुडघे गेलेत, मिनिटभर वाकली आणि बाजेवर बसली. मग तिनं बसूनच पाच-सहा कणसं घेतली, हात पाठीमागं नेला आणि धरून दाखवलं, अंगठा देठांच्या वरून, करंगळी खालून. त्या हाताची ड्रॉइंग करायलेय तेव्हापासून. चौदा झालीयत. अंगठा बसलाय, करंगळीचं वळण अजून नाही.